मावशीनं सिनेमा एकटीच जाऊन परत बघितला आणि मग ग्रुपमध्ये त्याला नावं ठेवली

पत्र थोडक्यात असं आहे:

"मी ४४ वर्षांची, राजारामपुरीत राहते, ज्युनिअर कॉलेजला मराठी शिकवते. गेली सहा वर्षं आमचा दहाबारा जणांचा फिल्म ग्रुप आहे, महिन्यातून दोन रविवारी कुणाच्या तरी घरी जमतो, इराणी, जपानी, बंगाली सिनेमे बघतो आणि त्यावर बोलतो. गेल्या महिन्यात बहिणीचा मुलगा मागं लागला (१६ वर्षांचा आहे, अकरावीसाठी आमच्याकडंच असतो) म्हणून त्याच्याबरोबर एक अर्बन फँटसी अॅक्शन सिनेमा बघितला, हिंदीत डब केलेला. एक बंदराचं शहर, रात्रपाळीची ट्राम चालवणारी बाई, शहराच्या पोटात लपून राहणारी दोन जुनी घराणी आणि कंदील घेऊन राखण करणारी एक म्हातारी. मला तो इतका आवडला की शेवटी मी शिट्टी वाजवली, आयुष्यात पहिल्यांदा. चार दिवसांनी महाद्वार रोडला ब्लाउजपीस आणायला जाते असं घरी सांगून एकटी परत बघून आले. पण पुढच्या रविवारी ग्रुपमध्ये विषय निघाला, एका ज्येष्ठ सदस्यांनी 'असल्या सिनेमांना मेंदू चपलांबरोबर बाहेर काढून ठेवायचा' असं म्हटलं, आणि मी पटकन बोलून गेले, 'भाच्यानं ओढून नेलं हो, नुसतं डोकं दुखलं.' भाचा चहाचा ट्रे घेऊन दारातच उभा होता. तो काही बोलला नाही, पण तेव्हापासून सिनेमाबद्दल माझ्याशी बोलायचाच थांबलाय. मिस्टर अंधश्रद्धेविरुद्धच्या कामात आहेत, त्यांचं म्हणणं शिक्षिकेनं भुताखेतांचं कौतुक करू नये. माझी आवड घसरलीय का? या वयात हे शोभतं का? आणि ग्रुपमध्ये खरं सांगू का?"

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं आहे, त्यातली अडीच पानं नुसती सिनेमाबद्दल आहेत आणि प्रश्न आलेत ते शेवटच्या अर्ध्या पानात. इथं सारांश देताना मला ती अडीच पानं गाळावी लागली, त्याचं वाईट वाटलं, कारण पत्रातला सगळ्यात जिवंत भाग तोच आहे. ट्राम डेपोतली पावसातली मारामारी तुम्ही जशी लिहिलीय, रुळांमध्ये साचलेल्या पाण्यात पाय कसे घसरतात, म्हातारी शेवटपर्यंत एका जागेवरनं कशी हलत नाही, पत्र्यावर पडणाऱ्या पावसाचा आवाज मधेच बंद होतो आणि फक्त श्वास ऐकू येतात, हे सगळं वाचल्यावर माझा तरी पहिल्या प्रश्नावर विश्वास बसेना. आवड घसरलेल्या माणसाला आवाज कधी थांबला ते ऐकू येत नाही. सहा वर्षं रविवारी बसून तुम्ही जे डोळे आणि जे कान तयार केलेत तेच घेऊन तुम्ही त्या अंधारात बसला होता, ते काही घरी ठेवून गेला नव्हता.

पण नुसतं "नाही हो ताई, आवड घसरली नाही" असं म्हणून मला सुटता येणार नाही, कारण तुमचा प्रश्न एका समजुतीवर उभा आहे आणि ती आधी हलवून बघायला पाहिजे. समजूत अशी, की सिनेमांच्या दोन वेगळ्या बरण्या असतात, एकीत डोक्याचं आणि दुसरीत टाइमपासचं, आणि एकदा का माणूस पहिल्या बरणीचं खायला लागला की त्यानं दुसरीत हात घालायचा नाही. ही समजूत तुम्ही कोल्हापुरात राहून बाळगताय म्हणून मला जास्त नवल वाटतं. आपल्या बाबूराव पेंटरांचंच बघा. स्वतः खपून, सुटे भाग जुळवून गावातच कॅमेरा बनवला त्या माणसानं, आणि १९२० साली पहिला सिनेमा काढला तो सैरंध्रीचा, म्हणजे भीम आणि कीचक. त्यातला कीचकवध लोकांना इतका खरा वाटला की सेन्सॉरची कात्री लागली त्याला. आणि पाचच वर्षांनी, १९२५ साली, त्याच माणसानं सावकाराच्या पाशात जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याचा सिनेमा केला, जो आजही वास्तववादी सिनेमाचं नाव निघालं की आधी आठवतो. हात तोच, गाव तेच. प्रभातचं पण तसंच. १९२९ साली कंपनी इथंच सुरू झाली, पुण्याला गेली ती १९३३ मध्ये, आणि जायच्या आधी १९३२ या एकाच वर्षात पहिला मराठी बोलपटही काढला आणि मच्छिंद्रनाथाच्या मायेचा, चमत्कारांनी भरलेला सिनेमासुद्धा. त्या लोकांनी दोन बरण्या केल्या नव्हत्या. त्या आपण नंतर केल्या, आणि कधी केल्या ते कुणाला नीट सांगता येत नाही.

आता हे अर्बन फँटसी म्हणजे काय ते थोडं बोलूया, कारण तुमच्यासारखी पत्रं मला आणखीही आलीत, दोन पोरांच्या बापांची, एक निवृत्त बँकवाल्यांचं, आणि सगळ्यांना वाटतं की आपण काहीतरी परकं, पोरासोरांचं आवडून घेतलंय. हे नाव इंग्रजी कादंबऱ्यांत साधारण १९८० च्या दशकात रुळलं. त्यातली गंमत राजवाडे आणि उडते घोडे यांच्यात नसते, ती असते आपल्या ओळखीच्या गल्लीत. रोजचा बसस्टॉप, रोजची पाण्याची टाकी, बंद पडलेली गिरणी, आणि त्याच्या आड दुसरं एक शहर चालू आहे, त्याचे कायदे वेगळे, त्याची भांडणं शेकडो वर्षांची. २००४ साली एक रशियन सिनेमा आला होता, त्यात मॉस्कोमध्ये अंधाराच्या शक्तींवर पहारा ठेवणारी माणसं फिरतात ती दिवाबत्ती खात्याच्या पिवळ्या गाडीतनं. मला ती कल्पना इतकी आवडली होती की नंतर कितीतरी दिवस रात्री रस्त्यावर शिडी लावून दिवे दुरुस्त करणारी माणसं दिसली की मी गाडी हळू करायचो.

आणि हे परकं कसं म्हणायचं? आपल्या गावाचं नाव कशावरनं पडलं असं सांगतात ते आठवा. कोल्हासुर नावाचा दैत्य, देवीशी त्याची लढाई, आणि मरताना त्यानं मागितलं काय तर या गावाला माझं नाव राहू दे. म्हणजे खलनायकाच्या नावाचं शहर, आणि त्याच शहराच्या मधोमध त्याला मारणाऱ्या देवीचं देऊळ. पुढं त्याचा मुलगा कामाक्ष येतो, योगदंडाच्या जोरावर देवादिकांना शेळ्यामेंढ्या करून टाकतो, आणि त्र्यंबोली, आपली टेंबलाई, त्याला मारून सगळ्यांना सोडवते. मग विजयाच्या सोहळ्यात नेमकं तिलाच बोलवायचं राहून जातं, ती रुसते आणि टेकडीवर जाऊन गावाकडं पाठ करून बसते. अंबाबाईला स्वतः तिची समजूत काढायला जावं लागतं. दरवर्षी ललिता पंचमीला पालखी टेंबलाईला जाते, कुमारिकेच्या हातून कोहळा फुटतो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते, ती याच गोष्टीची आठवण. शहर, दैत्य, लढाई, रूपं बदलणं, आणि शेवटी दोन बायकांमधला रुसवा. ताई, तुम्हाला हा प्रकार आवडला यात नवीन काही नाही हो. तुम्ही लहानपणापासून यातच राहताय, फक्त तिकीट काढून पहिल्यांदा बघितलात.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, ओघात लिहून गेलाय तुम्ही, पण मी त्यावर बराच वेळ थांबलो. दुसऱ्यांदा बघून तुम्ही बाहेर पडलात तेव्हा दिवेलागण झाली होती, आणि "लक्ष्मीपुरीतले शटर, पिंपळाचा पार, केएमटीची रिकामी बस, सगळं असं वाटलं की मी पहिल्यांदा बघतेय" असं तुम्ही लिहिलंय. वीस वर्षं त्याच रस्त्यानं जाताय ना तुम्ही? मग एका हिंदीत डब केलेल्या परदेशी सिनेमानं तुमचा रस्ता तुम्हाला परत दिला, हे काय कमी झालं? आपल्या आज्ज्या हेच करायच्या. त्या पिंपळावर मुंजा आहे, त्या विहिरीवर साती आसरा आहेत, तिन्हीसांजेला त्या बोळात थांबू नये. भीती तर घालायच्याच, पण त्यामुळं पोराच्या मनात अख्ख्या गावाचा नकाशा तयार व्हायचा, प्रत्येक वळणाला एक गोष्ट. आता आपल्या पोरांच्या डोक्यातला नकाशा फोनमध्ये गेलाय, त्यात रस्ता दिसतो, गोष्ट दिसत नाही. असा सिनेमा बघून एखादं पोर रात्री गल्लीकडं जरा निरखून बघायला लागलं तर मला ते हवं आहे.

इथं तुमच्या मिस्टरांचा मुद्दा येतो, आणि तो मी झटकून टाकणार नाही, कोल्हापुरात राहून तर अजिबात नाही. २०१५ साली कॉम्रेड पानसरेंना आपण कसं गमावलं ते या गावात कुणाला सांगावं लागत नाही. जे लोक हे काम करतात त्यांनी दारोदार जाऊन बुवाबाजीनं उद्ध्वस्त झालेली घरं बघितलीत, त्यामुळं भूत म्हटलं की त्यांच्या कपाळाला आठी पडते, ती आठी कमावलेली आहे. पण त्यांच्याशी बोलताना एवढं विचारा, की बुवा जेव्हा सांगतो तुमच्या सुनेला बाधा झालीय तेव्हा तो ते खरं म्हणून सांगतो, आणि त्या "खरं"च्या बदल्यात काहीतरी मागतो, पैसे, मान, कधी त्याहून वाईट. पडद्यावरची म्हातारी कंदील घेऊन उभी राहते तेव्हा ती तुम्हाला काही खरं मानायला लावत नाही. दोन तासांचा करार असतो, दोघांनाही माहीत असतो, दिवे लागले की संपतो. २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदाही फसवणूक आणि छळ यांच्या मागं लागतो, गोष्ट सांगणाऱ्याच्या मागं लागत नाही. उलट मला तर वाटतं ज्या पोराला गोष्टीतलं भूत गोष्ट म्हणून एंजॉय करता येतं त्याला दावा आणि गोष्ट यातला फरक लवकर कळतो. हे मिस्टरांना पटेलच असं नाही, पण तुम्ही चोरून जाण्याऐवजी हे त्यांच्याशी बोलू शकता, आणि जमलं तर त्यांना एकदा बरोबर घेऊन जा. नाही आवडला तर नाही आवडला.

मारामारीबद्दल तुम्ही जरा दबकत लिहिलंय, "हिंसा आवडली म्हणजे माझ्यात काही वाईट आहे का" असं. यावर मला जरा सविस्तर बोलायचंय.

माझे आजोबा मला खासबागेत न्यायचे. शाहू महाराजांनी बांधलेलं ते मैदान, १९१२ सालचं, मधे खोलगट आखाडा आणि चहूकडून चढत गेलेली बसायची जागा, म्हणजे कुठंही बसा, लाल माती दिसतेच. मी सात-आठ वर्षांचा असेन, मला वाटायचं जो जास्त जोरात आपटतो तो भारी. आजोबा म्हणायचे, "हात बघू नको, पाय बघ. हात फसवतोय, पाय न्हाई फसवत." मग मी पाय बघायला शिकलो, आणि मग दिसायला लागलं की डाव पडायच्या आधी वजन कुठं सरकतं, घिस्सा मारणार आहे का ढाक लावणार आहे, कोण दमलाय आणि ते लपवतोय. आजूबाजूला हजारो लोक बसलेले असायचे आणि त्यांना हे सगळं कळत असायचं, चहाच्या गाडीवाल्यापासून वकिलापर्यंत. तिथं कुणी कुणाला विचारत नव्हतं की मारामारी बघायला आवडते म्हणजे तू हिंसक आहेस का. ती कला आहे हे गावाला माहीत होतं.

सिनेमातली मारामारी अशीच बघायची असते. हाँगकाँगच्या अॅक्शन डायरेक्टर लोकांनी १९९० च्या दशकाच्या शेवटी हॉलिवूडच्या नटांना महिनोन्महिने शिकवलं, तारांना लटकवून, पडायला शिकवून, एकेक ठोसा मोजून, आणि त्याला आपल्याकडं शब्द आहेच, तालीम. चांगली मारामारी कशी ओळखायची? कॅमेरा जरा लांब उभा राहतो का, पूर्ण अंग दिसतं का, का नुसते तुकडे तुकडे करून डोळ्यावर फेकलेत. कोण कुठं उभा आहे हे तुम्हाला सतत माहीत आहे का, दार कुठं आहे, जिना कुठं आहे. मारणाऱ्याला लागतं का, दम लागतो का. आणि सगळ्यात महत्त्वाचं, मारामारी संपल्यावर काही बदललंय का, नुसतं कोण जिंकलं एवढंच नाही, कुणाला काय कळलं, कोण आता वेगळं वागणार. तुम्ही लिहिलंय की डेपोतल्या मारामारीनंतर ट्रामवाली बाई म्हातारीला पहिल्यांदा नावानं हाक मारते. म्हणजे त्या मारामारीनं काम केलं. तुम्हाला रक्त आवडलेलं नाही ताई, तुम्हाला पाय दिसले.

याचा अर्थ असल्या सगळ्या सिनेमांना मी डोक्यावर घेतोय असं समजू नका. या प्रकारात रद्दीही भरपूर आहे. शेवटची वीस मिनिटं कॉम्प्युटरवर बनवलेला राखाडी धुरळा, आभाळात एक भोक, त्यातनं काहीतरी पडतंय आणि अख्खं शहर कोसळतंय, आणि त्या शहरात माणसं राहतात याची कुणाला आठवण नाही. आपण इथं २०१९ चा आणि २०२१ चा पूर बघितलाय, पंचगंगेचं पाणी घरात शिरलं की काय होतं ते आपल्याला माहीत आहे, त्यामुळं पडद्यावर शहर बुडतं आणि पुढच्याच सीनला हिरो विनोद करतो तेव्हा मला आतनं तुटल्यासारखं होतं. बायकांना चामड्याचा घट्ट ड्रेस घालून नुसतं मिरवायचं आणि गोष्टीत काम काहीच द्यायचं नाही, हेही चिक्कार असतं. हे दिसलं की म्हणा. पण हे म्हणायचा हक्क त्यालाच आहे ज्यानं आवडलेलंही मोठ्यानं सांगितलंय. लपवलेल्या आवडीचं हेच होतं बघा, ती कधी मोठी होत नाही. कुणाशी बोलायची नाही, वाद घालायचा नाही, मग यातलं चांगलं कुठलं आणि टाकाऊ कुठलं हे निवडायचं कसं? तुमचा इराणी सिनेमा सहा वर्षांत वाढला कारण दर रविवारी त्यावर दहा जण बोलले. हा दुसरा बिचारा ब्लाउजपीसच्या पिशवीत लपून बसलाय.

वयाचा प्रश्न मी फार वाढवत नाही. ४४ व्या वर्षी शोभतं का हे ज्यांना ठरवायचं त्यांनी ठरवावं. तुम्ही कॉलेजात शिकवता, ते उलट बरंच आहे, वर्गात बसलेली साठ पोरं हेच बघतायत आणि त्यांच्याशी यावर मराठीतनं नीट बोलणारं कुणी नाही. एखाद्या निबंधाला विषय द्या, "आमच्या गल्लीत रात्री काय चालतं", आणि मग बघा पोरं काय लिहितात.

आता भाच्याचं.

ताई, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत आणि तिन्हीत तो नाही. तो फक्त हकिकतीत आलाय, ट्रे घेऊन दारात उभा. पण मला पत्र वाचताना सारखा तोच दिसत राहिला. सोळा वर्षांचं पोर, आईबापांपासून लांब, मावशीच्या घरी, त्यानं त्याला आवडणारी एक गोष्ट तुम्हाला दाखवली. या वयाची पोरं सहसा मोठ्यांना असं काही दाखवत नाहीत, दार लावून बघतात. त्यानं बघितलं की मावशी शिट्टी वाजवतेय. ती त्याच्यासाठी किती मोठी गोष्ट असेल याचा विचार करा, घरातलं एक मोठं माणूस त्याच्या बाजूला बसून त्याच्याइतकंच खूश झालंय. आणि आठवड्याभरात त्यानं ऐकलं की त्याच माणसाचं डोकं दुखलं आणि त्याला ओढून नेलं होतं. सिनेमाला नावं ठेवली याचं त्याला एवढं लागलं नसेल, तुम्ही खोटं बोललात हे त्याला माहीत होतं आणि ते खोटं त्याच्या अंगावर टाकलंत, हे लागलंय. आणि एक गोष्ट तो त्यातनं शिकलाय, की शिकलेल्या लोकांत बसायचं असेल तर जे आवडतं ते लपवायचं. हे तुम्हाला त्याला शिकवायचं नव्हतं, मला माहीत आहे.

मला स्वतःला हे एकदा कुणीतरी उलट शिकवलं. मी नववीत असताना करवीर नगर वाचन मंदिरातनं भुताच्या कादंबऱ्या आणायचो आणि त्याला वर्तमानपत्राचं कव्हर घालून त्यावर "भूगोल" लिहायचो. आईनं एके दिवशी ते उघडलं. मला वाटलं आता संपलं. ती चुलीपुढं बसली होती, म्हणाली वाच की मोठ्यानं, मलाबी कळू दे काय आहे. मी वाचत गेलो आणि तिच्या भाकरी करपल्या. मी पुढं काय काय वाचलं, मोठं मोठं वाचलं, पण वाचायची लाज कायमची गेली ती त्या दिवशी.

तर ग्रुपचं काय करायचं ते नंतर ठरवा, आधी घरातलं करा. आणि ते साधं करा. जेवण झाल्यावर, तो एकटा असताना, "त्या दिवशी मी सगळ्यांपुढं खोटं बोलले, मला सिनेमा खूप आवडला होता, तुला माहीत आहे, आणि तुझ्यावर ढकललं ते चुकलं माझं." एवढंच. त्याला बाबूराव पेंटर सांगत बसू नका, त्याला बहुतेक नको असेल ते. "पण तूसुद्धा समजून घ्यायला पाहिजे" असं तर चुकूनही नको. दुसऱ्यांदा एकट्या जाऊन बघितल्याचं मात्र नक्की सांगा, ते ऐकून तो हसेल असं मला वाटतं. लगेच तिसऱ्यांदा बघायला नेऊ का, पॉपकॉर्न देऊ का, असलं काही करू नका, लाच दिल्यासारखं वाटेल. तो गप्प बसला तर बसू दे दोन दिवस. पोरं ऐकलेलं टाकून देत नाहीत, जरा वेळानं उत्तर देतात.

मग ग्रुप. तुमच्यापुढं साधारण तीन वाटा आहेत. एक, काहीच बोलायचं नाही, विषय निघून गेलाय, लोक विसरले असतील. हे चालण्यासारखं आहे, पण तुम्हाला ते टोचत राहणार, नाहीतर चार पानं लिहिली नसती. दुसरी, उभं राहून कबुली दिल्यासारखं सगळं सांगायचं. ते मला नको वाटतं, कारण कबुली गुन्ह्याची देतात आणि तुम्ही गुन्हा केलेला नाही, शिवाय त्यात त्या ज्येष्ठांना परीक्षकाच्या खुर्चीत बसवल्यासारखं होतं. तिसरी वाट मला आवडते. पुढच्या वेळी तुमच्या घरी बैठक असेल तेव्हा म्हणा, "मागच्या वेळी मी म्हटलं डोकं दुखलं, ते खरं नव्हतं, मला तो आवडला, आणि त्यातल्या मारामारीच्या एका सीनवर मला दहा मिनिटं बोलायचंय." दहाच मिनिटं. जसं तुम्ही एखाद्या जपानी सिनेमातल्या पावसावर बोलता तसंच या पावसावर बोला, आवाज कधी थांबतो, म्हातारी का हलत नाही. कुणी हसलं तर हसू दे. मी माझ्या अनुभवानं सांगतो, अशा वेळी एक तरी माणूस असतो जो घरी जाताना चप्पल घालत हळूच म्हणतो की मलाही आवडला होता. आणि तुमचे ते ज्येष्ठ, त्यांच्याबद्दल मनात अढी धरू नका. ज्या पिढीला एक चांगला सिनेमा बघायला दूरदर्शनवर रात्री उशिरापर्यंत जागावं लागायचं, नाहीतर पुण्यामुंबईला जावं लागायचं, त्यांनी ती आवड कष्टानं मिळवलीय, ती सांडेल म्हणून ते घट्ट धरून बसतात. त्यांना एवढंच विचारा की लहानपणी तुम्ही कुठल्या सिनेमाला शिट्टी वाजवली होती. आणि मग ऐका.

तुमच्यासारख्या बाकीच्यांसाठी दोन-चार गोष्टी, ज्यांनी मला अशीच पत्रं लिहिलीत. पोरांना घेऊन जाणार असाल तर आधी सर्टिफिकेट बघा, २०२४ च्या नियमांपासनं यूए चे ७+, १३+ आणि १६+ असे तीन भाग झालेत, आणि हे असले सिनेमे वरनं रंगीत दिसले तरी आतनं बरेच भीतीदायक असू शकतात, सात वर्षांच्या पोराला १६+ वाल्याला नेऊन मग रात्रभर लाइट चालू ठेवायची वेळ आणू नका. ज्यांना झगमगत्या उघडझाप दिव्यांचा त्रास होतो, फिट्स येतात, त्यांनी आधी बघून आलेल्या कुणाला तरी विचारून जावं. जमलं तर एकदा मूळ भाषेत सबटायटलसह बघा, डबिंगमध्ये संवाद कळतात पण श्वास आणि कुजबुज बऱ्याचदा नव्यानं भरलेली असते. पहिल्यांदा बघताना वही काढून बसू नका, गोष्टीत बुडून जा, शिट्टी आली तर वाजवा. बांधणी बघायची ती दुसऱ्यांदा. आणि बघून आल्यावर लगेच रिक्षात बसू नका, रात्रीचं थोडं चालत या, रंकाळ्यावरनं, नाहीतर भवानी मंडपावरनं, गाव जरा वेळ वेगळं दिसतं ते दिसू दे.

मी हा सिनेमा अजून बघितलेला नाही, या आठवड्यात जाणार आहे. पण तुमच्या तिसऱ्या पानावर तळाशी एक ओळ आहे. पहिल्या वेळी थेटरातनं बाहेर पडताना भाचा म्हणाला होता, "मावशी, म्हातारी हरलीच नाहीय," आणि तेवढ्यात तुम्हाला फोन आला आणि ते तिथंच राहिलं. तो असं का म्हणत होता ते त्याला विचारा, आणि मला लिहा.